गोल फिरणाऱ्या गाड्या आणि गावंढळ माणसं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींवरचा (दिसायला साध्या मोटारी गोल ट्रॅकवर पळवतात त्या) लेख वाचला. लेखकाला शर्यत आवडत नाही, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मलाही क्रिकेट तीन तासांच्या वर बसवत नाही. पण त्यांनी शर्यत बघणाऱ्यांना गावंढळ ठरवलं, दिवसभर डावीकडे वळणाऱ्या गाड्या बघायला डोकं लागत नाही असं लिहिलं आणि जाता जाता कॉलेज रोडवर बुलेटचे फटाके फोडणाऱ्या पोरांनाही त्याच माळेत ओवलं. त्या पोरांना मी स्वतः दोनदा हटकलं आहे, त्यामुळे हे जरा जास्तच लागलं. लेखक त्या स्टँडमध्ये कधी बसलेले दिसत नाहीत. मी बसलो आहे.

मी इथल्या मायको कारखान्यात डिझेल इंजिनाच्या नोझल विभागात 31 वर्षं काढली. (आता बॉश म्हणायचं, पण सातपूरला अजून मायकोच चालतं.) 2025 च्या उन्हाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला गेलो होतो. शर्यतीच्या बहुतेक टीमचे कारखाने याच गावाच्या आसपास आहेत. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथे 600 मैलांची शर्यत होते, हे मला बाळाला बघायला आलेल्या शेजाऱ्याकडून कळलं. जावई तिथे नऊ वर्षं राहतात, पण कधी गेले नव्हते. म्हणाले, "बाबा, तिथे येणारी माणसं जरा तशीच असतात." तशी म्हणजे कशी, ते काही त्यांना सांगता येईना. शेवटी मला एकट्याला सोडायला नको म्हणून आले.

आमच्या बाजूला एक नवरा-बायको बसले होते. नवरा अगदी तुमच्या लेखातला : छातीपर्यंत दाढी, बाह्या कापलेला शर्ट, पायाशी बिअरचा खोका. डोक्यावर 3 नंबरची टोपी. हा नंबर डेल अर्नहार्टचा. तो फेब्रुवारी 2001 मध्ये फ्लोरिडातल्या डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीला भिंतीवर आदळून गेला, तरी टोप्या अजून आहेत. हा अर्नहार्ट शार्लटजवळच्याच कनॅपोलिसचा, कापडगिरणीच्या गावातला. नववीत शाळा सोडली आणि सात वेळा चॅम्पियन झाला. गिरणीच्या गावातलं पोर म्हटल्यावर मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

तर हे दाढीवाले गृहस्थ ट्रॅक्टर दुरुस्त करणारे निघाले. मी डिझेलच्या नोझलवर काम केलंय म्हटल्यावर त्यांनी सरकून मला नीट जागाच करून दिली. खोक्याच्या झाकणावर त्यांनी एक कागद चिकटवला होता. प्रत्येक फेरीला स्टॉपवॉच बघून बॉलपेनने आकडा टाकायचे. कुणाचे टायर घसरायला लागलेत, कुणाचं पेट्रोल किती फेऱ्या पुरेल, सगळं त्या कागदावर. एकदा म्हणाले, हा आता आत येणार. तीन फेऱ्यांत ती गाडी खरंच पिटमध्ये (टायर-पेट्रोलसाठी थांबायची ट्रॅकच्या कडेची जागा) आली. बाई स्कूलबस चालवतात. त्यांच्या कानाला स्कॅनर होता, ड्रायव्हर आणि त्याचा मिस्त्री एकमेकांशी काय बोलतात ते त्यावर ऐकू येतं. थोड्या वेळाने त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. उच्चार निम्मे कळले नाहीत, पण "टाइट" आणि "लूज" हे दोन शब्द पुन्हा पुन्हा येत होते. टाइट म्हणजे पुढचं तोंड वळत नाही, लूज म्हणजे मागचं शेपूट बाहेर जातं.

आणि इथेच ते "नुसतं डावीकडे वळणं" मला समजलं. दीड मैलाचा ट्रॅक, वळणावर 24 अंशांचा उतार, 400 फेऱ्या. म्हणजे जवळजवळ नाशिकहून मुंबईला तीनदा जाऊन येणं, कसाऱ्याला न अडकता. शर्यत सुरू होते संध्याकाळी सहाला, उन्हात, आणि संपते रात्री दिव्यांखाली. डांबर थंड होत जातं, तशी पकड बदलते. सहाला जी गाडी पळत होती ती नऊला वळत नाही. मग पिटमध्ये चार टायर बदलताना दहा-अकरा सेकंदांत एक जण मागच्या काचेतून पाना घालतो आणि स्प्रिंगला अर्धा फेरा देतो. अर्धा! ज्यांनी मायक्रोनवर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागावर पोट भरलंय त्यांना या अर्ध्या फेऱ्याची किंमत सांगायला नको. तरी एका गोष्टीला मी हसलो : या गाड्यांना 2011 पर्यंत कार्बोरेटर होता, नोझलने इंधन फवारणारं इंजेक्शन आलं 2012 ला. दाढीवाल्यांना हे बोललो तर तेही हसले.

गावंढळपणाचा मुद्दा. स्टॉक म्हणजे शेअर बाजार नव्हे, शोरूममध्ये विकायला उभी असलेली साधी गाडी. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या डोंगरांत हातभट्टीची दारू पोहोचवणारी पोरं असल्याच गाड्या आतून सुधारून पोलिसांपुढे पळवायची, आणि रविवारी एकमेकांशी लावायची. 1948 मध्ये बिल फ्रान्स यांनी या सगळ्याला नियमात बसवून नॅस्कार ही संस्था काढली. 1949 मध्ये शार्लटलाच पहिली "काटेकोर स्टॉक", म्हणजे गाडीत काही बदल न करता पळायची शर्यत झाली, आणि पहिला आलेला ड्रायव्हर बाद झाला! कारण गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या होत्या. ती गाडी दारू वाहणारीच होती. माल भरला की मागून बसू नये म्हणून केलेलं काम. लासलगावला कांद्याच्या पिकअपला एक पाटा जास्त टाकून घेतात, तसंच. हे वाचून मला तरी त्या लोकांबद्दल आपलेपणाच वाटला.

आता दुसरी बाजू लपवत नाही, नाहीतर लेखक म्हणतील म्हातारा चार बिअरच्या वासाने भुलला. वेंडेल स्कॉट नावाच्या कृष्णवर्णीय ड्रायव्हरने डिसेंबर 1963 मध्ये जॅक्सनव्हिलची शर्यत जिंकली, तर विजेता म्हणून दुसऱ्यालाच उभं केलं. गर्दी पांगल्यावर चूक मान्य झाली. तो करंडक त्यांच्या घरच्यांच्या हातात पडायला 2021 उजाडलं, तोवर ते हयात नव्हते. गुलामीची आठवण असलेला दक्षिणेचा जुना झेंडा या मैदानांवर 2020 च्या जूनपर्यंत फडकत होता, मग संस्थेने बंदी घातली. येताना रस्त्यात एका पिकअपवर तो मी पाहिला, आत मात्र दिसला नाही. जावई जे "तशीच" म्हणाले, त्यात हेही असणार, आणि ते खोटं नाही. पण त्याच खेळाच्या पिकअप ट्रकांच्या शर्यतींच्या मालिकेत 2010 साली सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून चाहत्यांनी निवडलं ते आपल्या नारायण कार्तिकेयनला. काही मतं भारतातूनही गेली असतील, कबूल. सगळी काही गेली नसतील.

माझे वडील निफाड तालुक्यातले. बैलगाडा शर्यतीला जायचे, म्हणजे बैल घेऊन नाही, बघायला. नाशकात नातेवाइकांकडे आले की त्यांना "शर्यतवाले" म्हणून हाक मारायचे, आणि त्या हाकेत सगळं यायचं : रिकामटेकडा, दारूडा, शेताकडे लक्ष नसलेला. वडील आयुष्यात दारू प्यायले नाहीत. बैलांच्या हालांबद्दल लोकांचं म्हणणं होतं, त्यावरून कोर्टात वर्षानुवर्षं चाललं, 2014 ला बंदी आली, 2021 च्या डिसेंबरात उठली. तो वाद खरा होता आणि त्यात दोन्हीकडून बोलता येतं. पण "शर्यतवाले" या हाकेचा बैलांशी संबंध नव्हता. तुमचा लेख वाचताना मला ती हाक ऐकू आली.

मध्यंतरात (अर्ध्या शर्यतीनंतर सगळ्या गाड्या थांबवून लढाईत कामी आलेल्या सैनिकांसाठी शांतता पाळतात, एवढी हजारो माणसं आणि जराही आवाज नाही) मी पिशवीतून कोंडाजीचा चिवडा काढला. बाईंनी डाळं वेगळं काढून, हे काय म्हणून विचारलं आणि बदल्यात त्यांच्या डब्यातून एक ओली पिशवी पुढे केली. आत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा! तिकडे दक्षिणेत हा सगळ्यांचा खाऊ आहे म्हणे. नऊ वर्षं तिथे राहून जावयांनी त्या खाल्ल्या नव्हत्या. मग मात्र निम्मी पिशवी त्यांनीच संपवली.

शर्यतीचं सांगायचं राहिलं. 400 पैकी 283 फेऱ्यांत विल्यम बायरन सगळ्यांच्या पुढे होता. जिंकला रॉस चॅस्टेन. हा सगळ्यांत शेवटी, चाळिसाव्या जागेवरून सुटला होता, कारण आदल्या दिवशी सरावात त्याची गाडी मोडली होती आणि मिस्त्रींनी रात्री जागून दुसरी गाडी उभी केली होती. सहा फेऱ्या राहिल्या असताना त्याने बायरनला मागे टाकलं. दाढीवाल्यांनी कागद हवेत उडवला. चॅस्टेनच्या घरात फ्लोरिडामध्ये आठ पिढ्या कलिंगडाची शेती आहे, म्हणून जिंकला की तो गाडीवर चढतो आणि एक कलिंगड उचलून ट्रॅकवर आपटतो. लाल चिखल सगळा. आमच्याकडे शेतकऱ्याने रस्त्यावर ओतलेला कांदा आणि टोमॅटो मी पुष्कळ वेळा पाहिलाय, भाव पडला म्हणून. आनंदाने माल फोडणारा शेतकरी मी पहिल्यांदाच बघितला.

आपला,
एक जुना वाचक, सिडको, नाशिक
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, छापू नये. जावईही तुमचा ई-पेपर वाचतात.)