तीन हजार शंभरची शिवराई आठ हजारांना

सांगली,
१५ डिसेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन नाणी-नोटा लिलाव विभाग

विषय: ९ नोव्हेंबर २०२५ रोजी संपलेल्या लिलावातल्या बनावट बोलींची चौकशी करून फरकाचे ५,५९३ रुपये ८४ पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर हे पत्रही मागच्यासारखं भलत्याच टेबलावर जाईल. नाणं अस्सल आहे. मला ते परत करायचं नाही. तुमच्या ग्राहक कक्षाने १० नोव्हेंबरची माझी तक्रार ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या सदरात ढकलली आणि मला पार्सल परत पाठवण्याचा फॉर्म धाडला. वस्तू अगदी वर्णनाप्रमाणे आहे. वर्णनाप्रमाणे नव्हता तो लिलाव.

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, छान आहे. वजन ११.४२ ग्रॅम, आमच्या सराफाच्या काट्यावर दोनदा करून घेतलं. एका अंगाला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला दोन ओळींत ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांची कड. ‘शिव’मधला ‘व’ अर्धा नाण्याबाहेर गेलाय. हातोडीने ठोकलेल्या नाण्यात असं होतं, चकती ठशाएवढी नसली की अक्षर बाहेर पडतं. भिंगाखाली पाहिलं तर कडेला शिवण नाही, की ओतलेल्या नकलेत दिसतात तसे बारीक खड्डे नाहीत. विक्रेत्याने माल खोटा दिला नाही, हे मी लेखी देतो. पण भाव खोटा लावला.

त्या रविवारी रात्री काय झालं ते तुमच्याच बोलींच्या यादीवरून सांगतो. लॉट, म्हणजे लिलावातलं हे नाणं, १,५०० पासून सुरू झाला होता. शुक्रवारी मी ८,००० ची कमाल मर्यादा टाकून ऑटोबिड लावला, म्हणजे त्या मर्यादेपर्यंत तुमचं मशीन माझ्या वतीने आपणहून बोली वाढवतं. एवढी मर्यादा का, त्याचं उत्तर पुढे देतो. रविवारी पावणेनऊपर्यंत दुसऱ्या एका संग्राहकाने ३,००० पर्यंत येऊन हात आखडता घेतला आणि लॉट माझ्या नावावर ३,१०० ला उभा होता. लिलाव नऊला बंद होणार होता.

८ वाजून ४६ मिनिटांनी एक नवा बोलीदार आला. तुम्ही नावं फुल्यांनी झाकता, त्यामुळे मला फक्त शेवटचे दोन आकडे, ४४, दिसतात. या ४४ ने ३,२०० म्हटलं, माझ्या ऑटोबिडने ३,३०० केले. त्याने ३,४००, मशीनने ३,५००. असं एकेक पायरी चढत तो ५,००० पर्यंत आला, पुढे २५० च्या पायरीने ७,५०० पर्यंत. मधल्या एकाही पायरीवर त्याने मोठी उडी घेतली नाही. ज्याला नाणं हवं असतं तो असं करत नाही. तो एकतर आपली मर्यादा टाकून मोकळा होतो किंवा शेवटच्या अर्ध्या मिनिटात येतो. एकेक पायरी चढून तोच बघतो ज्याला वरच्या मजल्यावर कोण झोपलंय हे चाचपायचं असतं.

मग ७,७५० माझे असताना त्याने एकदम ८,२५० टाकले. आता लॉट त्याच्या नावावर. चाळीस सेकंदांनी त्याने ती बोली मागे घेतली. कारण: ‘रक्कम चुकून टाकली’. भाव पुन्हा ७,७५० वर, लॉट पुन्हा माझा. पण एवढ्यात त्याला कळायचं ते कळलं होतं. माझी मर्यादा ७,७५० किंवा जास्त आणि ८,२५० पेक्षा कमी. २५० च्या पायरीत मधे उरतो एकच आकडा, आणि ८ वाजून ५७ मिनिटांनी त्याने तोच टाकला: ८,०००. बरोबरीत आधीची बोली धरायची हा तुमचा नियम, म्हणून लॉट मला ८,००० ला मिळाला. शेवटच्या रुपयापर्यंत माझा खिसा झडला आणि ४४ एकही पैसा न देता निघून गेला. अकरा मिनिटांत १७ बोली, त्यातली एक मागे घेतलेली.

हा योगायोग असू शकतो, असं मलाही दोन दिवस वाटलं. म्हणून तुमच्या जुन्या लिलावांची पानं उघडून बसलो. निवृत्त माणसाला वेळ असतो. या विक्रेत्याचे मागचे ३१ लॉट पाहिले. त्यातल्या २२ लॉटमध्ये ४४ हजर. पाच वेळा बोली मागे, पाचही वेळा ‘रक्कम चुकून टाकली’. जिंकला फक्त दोनदा. त्यातली एक दुदांडी (शिवराईचाच एक प्रकार) होती, तिच्या कडेला घड्याळात चारचा आकडा असतो तिथे टवका उडालेला. तीन आठवड्यांनी तीच दुदांडी त्याच विक्रेत्याकडे पुन्हा लिलावाला. तोच टवका, तोच फोटो, फोटोच्या कोपऱ्यात हिरव्या टेबलक्लॉथवरचा तोच शाईचा डाग. दुसऱ्या विक्रेत्यांचे त्याच आठवड्यातले शिवराई नाण्यांचे दीडशेच्या आसपास लॉट मी चाळले, तिथे ४४ कुठेही नाही. या गृहस्थांना एकाच माणसाच्या घरची नाणी आवडतात.

आता तुमचं १३ नोव्हेंबरचं उत्तर. ‘प्रणालीत कोणतीही अनियमितता आढळली नाही. आपण स्वतः ८,००० ची मर्यादा दिली होती, त्यामुळे आपलं नुकसान झालेलं नाही.’ पहिलं वाक्य मी समजू शकतो, कोणीतरी बटण दाबलं असेल. दुसऱ्याने मात्र माझी झोप उडवली.

मर्यादा ही किंमत नव्हे. मर्यादा मी तुमच्या मशीनच्या कानात सांगितली होती, विक्रेत्याच्या नाही. ऑटोबिडचा सगळा आधार हाच की मी मनातला खरा आकडा निर्धास्त सांगावा, कारण द्यायचं ते माझ्या मागच्या माणसाच्या बोलीवर एक पायरी. या विचाराला अर्थशास्त्रात मोठा मान आहे. विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये तो मांडला आणि १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. (लिलावाचा अभ्यास करणाऱ्याचं नाव व्हिक्री, हे मी जुळवलेलं नाही.) पण या पद्धतीत मागचा माणूस खरा हवा. तो विक्रेत्याचाच निघाला तर मनातला आकडा खरा सांगणारा माणूस मूर्ख ठरतो. मी ८,००० का टाकले? कारण तुमच्याच मदत-पानावर लिहिलंय: ‘तुम्हाला परवडेल ती कमाल रक्कम निर्धास्तपणे द्या.’ दिली.

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. शाळा सुटली की मी हळदीचे सौदे बघायला जायचो. पोत्यातून मूठभर हळकुंडं काढून मोडायची, आतला रंग बघायचा, मग बोली. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, हळदीला मात्र उघड पुकारा. बोलणारा प्रत्येक जण समोर उभा असायचा. अडत्याने आपलाच माणूस भाव चढवायला घुसवला तर खरेदीदार तिथल्या तिथे म्हणायचे, ‘अहो, हा तर तुमचा मेहुणा.’ आणि सौदा थांबायचा. त्या काळात फसवाफसवी नव्हती असं मी म्हणत नाही, भरपूर होती. पण तोंड दिसत होतं. तुम्ही तोंडं झाकलीत, माझी काही हरकत नाही, संग्राहकालाही आडोसा हवा असतो. पण फुल्यांमागे कोण आहे हे फक्त तुम्हाला दिसतं. मग पहारा कोणी द्यायचा? फोन नंबर तुमच्याकडे, पत्ता तुमच्याकडे, बँक खातं तुमच्याकडे, कुठल्या मोबाइलवरून लॉगिन झालं ते तुमच्याकडे. मी टेबलक्लॉथवरचा डाग बघून शोधतोय.

मी तुमच्याकडे फक्त खरेदीला येत नाही, हेही नोंदवा. ईबेचा भारतातला बाजार २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाला, तोवर तिथे हात बसला होता. तुमच्याकडे तीन वर्षांत ४६ लॉट विकलेत, एकाही खरेदीदाराची तक्रार नाही. जमतं ते साध्या गोष्टींमुळे. फोटो सकाळच्या उन्हात खिडकीपाशी, फ्लॅश बंद. वजन दोन दशांशांपर्यंत. नाणं घासलेलं असेल तर ‘घासलेलं’ असं पहिल्याच ओळीत. सुरुवातीची बोली कमी ठेवायची, कारण दोन माणसं आली की भाव आपोआप जागेवर येतो. लिलाव रविवारी रात्री संपेल असा लावायचा, क्रिकेटचा मोठा सामना असेल तो रविवार सोडून. नाणं कागदी होल्डरमध्ये, ते दोन पुठ्ठ्यांमध्ये, पुठ्ठे चिकटपट्टीने घट्ट, म्हणजे पोस्टात पाकीट हलवलं तरी आत खुळखुळ नाही. पाकिटावर ‘नाणी’ असं कधीच लिहायचं नाही.

मागच्या वर्षी हैदराबाद संस्थानचा चारमिनारचा रुपया लावला होता. मला बाराशेची आशा होती. शेवटची दहा मिनिटं राहिली तरी भाव ६०० वर अडकलेला. भाचा शेजारी बसला होता, म्हणाला, ‘मामा, माझ्या खात्यावरून चढवू का?’ त्याला वाटलं, त्यात काय. मी फोन काढून घेतला. रुपया ६५० ला गेला, चिंचवडच्या एका मुलाने घेतला आणि पाकीट मिळाल्यावर दोन ओळींचा गोड मेसेज पाठवला. मला साडेपाचशेचा चटका बसला तो बसलाच. म्हणून ४४ च्या सतरा बोली मला जास्त झोंबतात. तो मोह माझ्याही घरात येऊन गेलाय, आणि तो टाळणाऱ्या विक्रेत्याला तुमच्याकडे काय मिळतं, तर ६५० रुपये.

कायद्याबद्दल थोडं. ‘बोलीदाराला बोली मागे घेण्याचा हक्क आहे,’ असं तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं. बरोबर आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ मध्ये हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. पण ते कलम तिथेच संपत नाही. विक्रेत्याने स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावायची असेल तर तो हक्क राखून ठेवल्याचं आधी जाहीर करावं लागतं. जाहीर न करता लावली तर खरेदीदार ती विक्री कपटाची मानू शकतो. आणि भाव चढवायला खोट्या बोली वापरल्या असतील तर विक्री रद्द करायची की नाही, हे खरेदीदाराच्या हातात. माझ्या हातात. मी रद्द करत नाही, कारण असा ‘श्री राजा शिव’ पुन्हा सहजी मिळणार नाही, आणि तो मी आधीच आमच्या घरच्या डबीत ठेवलाय. मी फक्त फरक मागतो.

हिशोब असा. ४४ नसता तर लॉट ३,१०० ला सुटला असता. मी दिले ८,०००. फरक ४,९००. तुमचं १२ टक्के कमिशन आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून मी १,१३२ रुपये ८० पैसे भरले. ३,१०० वर ते ४३८ रुपये ९६ पैसे झाले असते. तो फरक ६९३ रुपये ८४ पैसे. एकूण ५,५९३ रुपये ८४ पैसे. टपालाचे १५० मागत नाही, पाकीट चांगलं आलं होतं. बनावट बोलींवर तुमचंही कमिशन वाढतं, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

पैशांखेरीज एका प्रश्नाचं लेखी उत्तर हवं. ४४ चं खातं आणि या विक्रेत्याचं खातं यांत फोन, पत्ता, बँक किंवा उपकरण यांपैकी काही एक आहे का? नाव नको, पत्ता नको. ‘हो’ किंवा ‘नाही’. आणि जमलं तर प्रत्येक बोलीदाराने आजवर किती बोली मागे घेतल्या तो आकडा फुल्यांशेजारी दाखवा. एवढ्याने निम्मे ४४ घरी बसतील.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवं. माझी पहिली तक्रार १० नोव्हेंबरची, महिना उलटून गेला. आता या पत्रापासून पंधरा दिवस थांबतो. त्यानंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दावा लावता येतो आणि एवढ्याशा रकमेला फी नाही, त्यामुळे हा खर्चाला घाबरेल असा हिशोब कृपया करू नका.

सोबत बोलींच्या यादीचे स्क्रीनशॉट, दुदांडीच्या दोन्ही वेळच्या फोटोंच्या प्रती (टवक्यावर लाल गोल केला आहे), पावती आणि तुमचं १३ नोव्हेंबरचं उत्तर जोडलं आहे. माझे तीन लॉट येत्या रविवारी रात्री संपतात. या पत्रामुळे ते मधेच उतरवू नयेत. त्यांवर आत्ता तिघांच्या बोली आहेत, आणि ते तिघं कोण आहेत हे मला माहीत नाही.

कळावे,

आपला,
सांगलीचा एक खातेदार
(नाव आणि खाते क्रमांक ईमेलमध्ये दिले आहेत)