बाबा, मोतीबिंदूची तारीख घ्या

पुणे,
रविवार, रात्री साडेनऊ

प्रिय आई, बाबा,

फोनवर हे बोलायला गेलं की आई विषय बदलते आणि बाबा "बरं, बरं" म्हणून फोन तिच्या हातात देतात. म्हणून पत्र लिहितेय. बाबा, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरी लागलं नाही तर आईकडून वाचून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात वाईला आले होते तेव्हा मला पहाटेच जाग आली. बाबा खिडकीशी पेपर घेऊन उभे होते. डावा डोळा तळहाताने झाकलेला, पेपर नाकाला टेकेल इतका जवळ, आणि उजव्या डोळ्याने एकेक ओळ लावणं चाललेलं. मी मागे उभी आहे हे तुम्हाला कळलंही नाही. नंतर आईला विचारलं तर म्हणाली, "दोन वर्षं झाली, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतायत. हे म्हणतात, पोरीचं एकदा मार्गी लागू दे, मग बघू." आणि आई, तुझी नर्मदा परिक्रमा? भिशीतल्या बायका बसने दोनदा जाऊन आल्या. तू दोन्ही वेळा नाव दिलं नाहीस. कारण तेच.

त्या दिवसापासून माझ्या मनात हेच घोळतंय. तुम्ही दोघं एका तारखेची वाट बघताय. कोणीतरी डॉक्टर कधीतरी सांगतील, आता ही पूर्ण बरी झाली, आणि मग तुम्ही तुमचं जगणं सुरू करणार. आई, बाबा, अशी तारीख नसते. हा आजार टायफॉइडसारखा येऊन जात नाही. बाबा, तुम्ही बावीस वर्षं साखर सांभाळताय. रोज सकाळची गोळी, रोज घाटापर्यंतची फेरी. ही साखर कायमची कधी जाणार, असं तुम्हाला कोणी विचारत नाही. माझंही तसंच आहे. साठीला पोचले तरी दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये उभी राहून मी हेच सांगणार, की मी अल्कोहोलिक आहे आणि आज प्यायले नाही.

आमच्याकडे एक गोष्ट सांगतात. १९३५ साली बिल नावाचा एक माणूस धंद्याच्या कामाला अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी गेला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. काम फिसकटलं. संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत उभा, आणि बाजूला बार. त्याने बारऐवजी फोन गाठला आणि बॉब नावाच्या एका पिणाऱ्या सर्जनची गाठ मिळवली. दोघं तासन्‌तास बोलत बसले. आमच्या या मीटिंगांची, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात ती. मला त्यातलं काय भावतं सांगू? त्या संध्याकाळी बिल बरा झाला नाही. त्याची ती संध्याकाळ निभावली, एवढंच.

बाबा, तुमचं कॅलेंडर मी पाहिलं. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय, ज्यात आई दुधाचे खाडे लिहिते. रोजच्या चौकोनात कोपऱ्यात पेन्सिलचा बारीक ठिपका. आधी कळेना. मग मागची पानं चाळली आणि लक्षात आलं, की हे माझे न प्यायलेले दिवस. मला त्यातली ती चार तारखांची जागा शोधायचीच होती. पाच महिने कोरडी राहून माझी स्लिप झाली होती, म्हणजे मी परत प्यायले होते, चौथ्या दिवशी मीच फोन करून तुम्हाला सांगितलं होतं. मला वाटलं, तिथे तुम्ही हात आखडला असेल. तर त्या चार चौकोनांत तुमच्या अक्षरात नुसतं 'खाडा' लिहिलेलं. आणि पाचव्या दिवशी परत ठिपका. ओट्याशी उभी राहून मी खूप रडले. आई, तू विचारलंस तेव्हा कांद्यावर ढकललं. ते कांद्याचं नव्हतं.

आई, आता एक अवघड गोष्ट. वरणात घातलेल्या त्या पुडीबद्दल आपण कधीच बोललो नाही. हिंगाच्या डब्यात ती पाकिटं मला सापडली होती. 'पिणाऱ्याला नकळत द्या' असं छापलेलं. व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरांनी समजावलं तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. काही औषधं अशी असतात, की ती पोटात असताना दारू घेतली तर तिचं शरीरात विष साचतं, चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावरही बेततं. त्यातल्याच डायसल्फिराम या औषधाचा असर गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला सांगूनच द्यायची असते. त्या पुड्यांत काय होतं देव जाणे. आई, मला त्याचा राग नाही. तुला कोणी काही सांगितलंच नव्हतं. 'मुलगी पिते' हे तू भिशीत नाही, आत्याकडे नाही, कुठेच बोलू शकत नव्हतीस, मग पेपरातली जाहिरात तेवढी उरली. माझी एवढीच विनंती आहे, की एका तरी माणसाला खरं सांग. लोकांना सांगतेस ते थायरॉइड नाही, खरं. फार वर्षं तू हे एकटीने उचललंयस.

कुटुंबियांच्या मीटिंगमध्ये तीन गोष्टी सांगतात: हे तुमच्यामुळे झालं नाही, तुम्हाला ते आवरता येणार नाही, आणि तुम्हाला ते बरंही करता येणार नाही. बाबांना तिसरी पटली नव्हती. "मग आम्ही करायचं काय?" असं त्यांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर मला आता सापडलंय.

रोज संध्याकाळी सातला आईचा फोन येतो. "जेवलीस का? काय केलंस?" एवढंच. माझी पिण्याची वेळ तीच होती. मीटिंगमध्ये आम्हाला शिकवतात, की तलफ चार वाटांनी येते: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. आई, तुला हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि तू त्यातल्या दोन वाटा रोज एका प्रश्नात बंद करतेस. मी दार उघडल्यावर गालावरून हात फिरवताना तू श्वासाचा वास घेतेस, तेही मला कळतं. घे. ते बंद कर असं मी म्हणत नाही, माझ्यावरचा विश्वास परत यायला वेळ लागणारच. पण मला उभं ठेवलंय त्या सातच्या फोनने.

बाबा, केंद्रात सोडायला आलात त्या दिवशी बाकावर बसून तुम्ही मला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राची गोष्ट सांगत होतात. १९८६ साली, पुलं-सुनीताबाईंच्या मदतीतून ते कसं उभं राहिलं, आणि डॉ. अनिता अवचट स्वतः कॅन्सरशी झगडत तिथलं काम कसं करत राहिल्या, १९९७ साली जाईपर्यंत. तुम्ही ते मला धीर द्यायला सांगितलंत. आज मी तुम्हालाच विचारते. त्या आधी बऱ्या व्हायची वाट बघत बसल्या होत्या का?

मोतीबिंदू पिकू द्यायचा, हे जुनं झालं. उलट फार पिकला तर काढायला अवघड जातो. ऑपरेशन साधारण अर्ध्या तासाच्या आत होतं, त्याच दिवशी घरी सोडतात. त्याआधी साखर तेवढी आटोक्यात हवी, म्हणजे घाटावरून येताना ती जिलबी बंद. मी ऑफिसात आठ दिवसांची रजा सांगून ठेवलीये. डोळ्यात थेंब मी घालणार. माझे हात आता थरथरत नाहीत, तुम्ही बघालच.

आणि आई, चातुर्मास संपला की परिक्रमेच्या बस सुटतील. नाव देऊन ये. तू तिकडे असताना मी प्यायले तर? हे तुझ्या मनात येणार, मला ठाऊक आहे. तू वाईत होतीस तेव्हाही मी प्यायले होते. नर्मदेकाठून सात वाजता फोन लागला तर लाव, नाही लागला तर माझ्या ग्रुपमधल्या दोघींचे नंबर माझ्याकडे आहेत. मी त्यांना लावेन.

आज तुझा फोन आला तेव्हा दुधी चिरत होते. चण्याची डाळ घालून केला, तुझ्यासारखा. दोन पोळ्या खाल्ल्या. बाबा, झोपायच्या आधी आजचा ठिपका द्या, आणि तारीख ठरली की तीही त्याच कॅलेंडरवर लिहा.

तुमची,
मनू