‘जसा आहे तसा’ कचरा आणि हजार लिटर डिझेल : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,

विषय : प्लास्टिक कचऱ्यापासून इंधन – गुंतवणुकीची भाषणे आणि ओल्या गोण्यांचा हिशेब

स.न.वि.वि.

सुकं, वर्गीकरण केलेलं प्लास्टिक रोजच्या रोज देऊ, असा शब्द एका नगरपरिषदेने आम्हा पायरोलिसिसवाल्यांना, म्हणजे हवा न लावता प्लास्टिक तापवून तेल काढणाऱ्या प्लँटवाल्यांना, बैठकीत दिला होता. त्याच नगरपरिषदेची निविदा गेल्या आठवड्यात हाती पडली. तिच्यात एक ओळ आहे : ‘प्लास्टिक कचरा जसा आहे तसा उचलण्याची जबाबदारी प्रकल्पधारकाची राहील.’ ओलावा किती, माती किती, तेलाला घातक असलेलं पीव्हीसी प्लास्टिक किती, याबद्दल अवाक्षर नाही. कमी माल उचलला तर दंड मात्र टनाच्या हिशेबाने. या एका ओळीने प्रकल्पाचा सगळा ताळेबंद उलटा होतो. म्हणून हे पत्र.

गुंतवणुकीच्या मेळाव्यांत एक वाक्य हमखास असतं : ‘एक टन प्लास्टिक, हजार लिटर डिझेल.’ टाळ्या पडतात. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने गेल या सरकारी गॅस कंपनीबरोबर २०१९मध्ये रोज एक टनाचा पथदर्शी प्लँट उभा केला. तिथे शास्त्रज्ञ, उत्प्रेरक, निवडलेला माल, सगळं हाताशी. त्यांनी सांगितलेला आकडा ८०० लिटर. संस्थेला ८००, आणि आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये हजार! हजार लिटर तेल म्हणजे वजनाने साधारण ८०० किलो, म्हणजे ८० टक्के उतारा. तो स्वच्छ, कोरड्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा येईलही. घंटागाडीतून आलेल्या मालाचा येणार नाही.

१० टनांची रोजची एक बॅच, म्हणजे एका दमात घ्यायचा माल, धरा. पावसाळ्याच्या तोंडावरचा माल असेल तर २ टन निव्वळ पाणी. १ टन माती-वाळू. १ टन चिंध्या, चपला, काच, नारळाच्या शेंड्या. पीव्हीसी आणि पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) वेचून काढलं की आणखी अर्धा टन गेला. उरले साडेपाच टन. त्याचा ६० टक्के उतारा म्हणजे ३.३ टन तेल, सुमारे ४,१०० लिटर. लिटरला ४० रुपये धरले तर दिवसाला १ लाख ६४ हजार. प्रकल्प अहवालात, टनाला हजार लिटरच्या हिशेबाने, लिहिलेले असतात ४ लाख. बँकेचा हप्ता ठरतो ४ लाखांवर. शिवाय ते २ टन पाणी उडवायला किलोमागे ६०० किलोकॅलरीहून जास्त उष्णता लागते. ड्रायर निम्म्या कार्यक्षमतेने चालला तर अडीचशे किलो तेलाइतकी ऊर्जा वाफ होऊन जाते. ती प्लास्टिक तापवताना सुटणाऱ्या स्वतःच्या गॅसवर भागवतो म्हणावं, तर तोच गॅस भट्टीलाही हवा असतो.

आता पीव्हीसी. यावर थोडा वेळ द्यावा, कारण प्रकल्प बुडतो तो इथे. पीव्हीसीच्या वजनात ५७ टक्के क्लोरीन असतं. १० टनांत फक्त २ टक्के, म्हणजे २०० किलो पीव्हीसी निवडीतून निसटलं, तर अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे त्यातून सुमारे ११७ किलो हायड्रोजन क्लोराइड सुटतो. वाटेत पाणी भेटलं की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. ते आधी वाफ थंड करून तेल पाडणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्या खातं, मग वेल्डिंगचे सांधे, मग पंपाचं सील. त्याला मारायला एका बॅचला १२८ किलो कॉस्टिक सोडा लागतो, आणि हे फक्त कागदावरचं रसायनशास्त्र. वायू धुणाऱ्या स्क्रबरमध्ये थोडा जास्तच घालावा लागतो. एवढं करूनही थोडं क्लोरीन तेलात शिरतंच. मग गिऱ्हाइकाच्या बॉयलरच्या नळ्या गंजतात आणि दुसरा टँकर परत येतो. रिफायनरीची तर गोष्टच नको; तिला क्लोरीन दहा लाखांत मोजके भाग चालतं.

हे पीव्हीसी येतं कुठून? औषधांच्या गोळ्यांची पाकिटं, वायरची आवरणं, रेक्झीन, आणि, महोदय, फ्लेक्स. वाढदिवसाचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे, ‘भावी’ अमुकतमुकचे. १० बाय २० फुटांचा एक फ्लेक्स पाच-सहा किलोंचा भरतो. कापडी जाळी आणि चुना वगळला तरी निम्म्याच्या आसपास पीव्हीसी. असे सत्तर-ऐंशी फ्लेक्स एका बॅचमध्ये आले की वरचे २०० किलो भरलेच. एका मोठ्या साहेबांच्या एका वाढदिवसाला एवढे पुरतही नाहीत. दुसऱ्या दिवशी नगरपरिषद ते उतरवते, घडी घालते आणि ‘प्लास्टिक’ म्हणून आमच्याकडे पाठवते. जसे आहेत तसे.

पीईटीच्या बाटल्या आल्या तर टेरेफ्थॅलिक आम्लाची पिठूळ पूड कंडेन्सरमध्ये बसते आणि वाट तुंबते. दुधाच्या पिशव्यांचं एलडी उत्तम तेल देतं, पण आधी मेण होतं. कंडेन्सरचं पाणी फार गार ठेवलं की मेण नळीतच गोठतं, रिअॅक्टरमधला, म्हणजे प्लास्टिक तापवायच्या बंद भांड्यातला, दाब चढतो, आणि ऑपरेटरने वेळीच पाहिलं नाही तर फिरत्या सीलमधून वाफ बाहेर. म्हणून पहिला टप्पा गरम ठेवायचा, जड तेल तिथे पाडायचं, मग पुढे थंड करायचं. किंवा मेण तोडायला झिओलाइटसारखा उत्प्रेरक वापरायचा. पण मातीच्या मालात तो लवकर मरतो. माती आणि राख रिअॅक्टरच्या तळाला, प्लास्टिकपासून उरलेल्या कोळशाबरोबर चिकटते, पत्रा तिथे जास्त तापतो, फुगतो. बॅच संपल्यावर हवा बाहेर ठेवायला आत नायट्रोजन सोडून, रिअॅक्टर ५० अंशांखाली आल्यावरच झाकण उघडायचं असतं. त्यात अख्खी रात्र जाते. घाई करून उघडलं तर गरम कोळशाला हवा लागते आणि माणसं भाजतात. नायट्रोजनच्या सिलिंडरचा खर्च वाचवणारे मालक आमच्यातच आहेत, हेही कबूल.

पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात टायरपासून तेल काढणाऱ्या कारखान्यांविरुद्ध गावकरी भांडले, आणि खरंच भांडले. त्या धुराची बदनामी आमच्याही माथी आली. पण स्वस्त बॅच मशीनला संमती कोणी दिली? आम्ही नाही.

माल मिळण्याचाही पेच बघा. ज्या मालाचं तेल चांगलं, त्याच मालाला भंगारवाला रोख पैसे देतो. स्वच्छ एलडी, एचडी (जाड डब्यांचं प्लास्टिक), पीपी (पॉलिप्रॉपिलीन) पुन्हा दाणे करणाऱ्या कारखान्यात जातं, आणि जावंही; पुन्हा वस्तू होऊ शकते ते जाळणं हा मूर्खपणा आहे. आमच्या वाट्याला येतं उष्टं. त्यातही बिस्किट-चिप्सची पाकिटं बरीचशी पॉलिप्रॉपिलीनची असतात, ती चालतात. पीईटी, नायलॉन आणि अॅल्युमिनिअमचे थर चिकटवलेली पाकिटं त्रास देतात. हा फरक दहा फुटांवरून ओळखणाऱ्या बाया पुण्यात आहेत. कचरावेचकांची संघटना कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ची, तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ संस्था २००८पासून घरोघर जाते. मेळाव्यांच्या व्यासपीठावर रिअॅक्टर विकणारे बसतात. या बाया कधी दिसल्या?

प्रमाणपत्रांचं तर विचारूच नका. उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीच्या (प्लास्टिक बाजारात आणणाऱ्याने तेवढा कचरा निस्तरल्याची प्रमाणपत्रं घ्यायची, या) नियमांत प्लास्टिकचं इंधन करणं हे पुनर्चक्रीकरण नव्हे, अंतिम विल्हेवाट आहे. हे तत्त्व आम्हाला मान्य. पण प्रमाणपत्राचा बाजार बसला कोणामुळे? २०२३मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत सहा लाखांच्या आसपास बनावट प्रमाणपत्रं निघाली. प्लास्टिकला हात न लावता प्रमाणपत्र निघत असेल, तर ओल्या गोण्या कोण कशाला सोडवत बसेल? देशात वर्षाला ४१ लाख टन प्लास्टिक कचरा, हा २०२०-२१चा सरकारी आकडाही राज्यांनी कळवला तसा बेरजेला घेतलेला. त्याच बेरजेवर ‘अफाट संधी’ म्हणून गुंतवणूकदाराला बोलवायचं.

आणि गुंतवणूकदार फसतो तो फक्त आपल्याकडेच असंही नाही. अमेरिकेत इंडियानातल्या अॅशली गावी वर्षाला एक लाख टनांचा प्लँट १८.५ कोटी डॉलरच्या रोख्यांवर उभा राहिला. मार्च २०२५मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या अर्जासह न्यायालयात. आपला धडा तर त्याहून जुना. दिल्लीच्या तिमारपूरला १९८७मध्ये रोज ३०० टन कचरा जाळून वीज करणारा प्लँट बसवला. तीन आठवड्यांत बंद. यंत्र बिघडलं नव्हतं; कचऱ्यात जळण्याजोगं पुरेसं काही नव्हतं. कचरा तपासायचा राहिला होता. आज, इतक्या वर्षांनी, निविदेत तेच : जसा आहे तसा.

आमच्या फाइलवर संमती प्रदूषण मंडळाची, परवाना पेसोचा (स्फोटक-ज्वलनशील मालावर देखरेख करणारी केंद्रीय संस्था; मुख्यालय नागपूरलाच, तरी चकरा चुकत नाहीत, २३ अंशांखाली पेट घेणारं तेल ‘अ’ वर्गात जातं आणि टाकीचं अंतर बदलतं), शिवाय कारखाना निरीक्षक, अग्निशमन, पोर्टल. प्रत्येकाला नकाशा हवा, शपथपत्र हवं, तीन प्रती हव्यात. मालात ओलावा किती, हा प्रश्न यांपैकी एकानेही विचारलेला नाही. बँक मात्र हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला विचारते.

अनुदान मागत नाही. पुरवठ्याच्या करारात ओलावा १० टक्क्यांच्या आत, माती ५च्या आत, पीव्हीसी १च्या आत असं लिहा. काट्यावर नमुना काढा, आणि त्याच्या वरच्या मालाचा परतीचा वाहतूक खर्च पालिकेवर टाका. नायट्रोजन, दुहेरी सेफ्टी व्हॉल्व्ह, फ्लेअर (जादा गॅस जाळणारी नळी) आणि कॉस्टिक स्क्रबर नसलेल्या प्लँटला संमती देऊ नका, मग तो आमचा असला तरी. निवडणाऱ्या बायांची मजुरी प्रकल्प अहवालात वेगळी ओळ म्हणून सक्तीची करा. आणि फ्लेक्स वेगळ्या गाडीत पाठवा.

आपले,
राज्यातील काही छोटे पायरोलिसिस प्लँटचालक

ता.क. पीव्हीसी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, प्लास्टिकला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे. काट्यावरच्या कारकुनाला पाच मिनिटांत जमतं. पहिला नमुना म्हणून कुठल्याही चौकातल्या फ्लेक्सचा कोपरा चालेल.