'प्रगती नाही' म्हणजे नेमके काय?

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला प्रोग्रेसिव्ह अफेझियावरचा, म्हणजे भाषा हळूहळू हिरावून घेणाऱ्या मेंदूच्या आजारावरचा, लेख वाचला. अर्धे पान हॉलिवूडच्या ब्रूस विलिसला आणि स्पीच थेरपीला दीड ओळ. त्या दीड ओळीत काय, तर 'आजार वाढतच जाणारा असल्याने थेरपीचा फारसा उपयोग होत नाही'. लेखकमहाशयांनी हे कुठल्या रुग्णाच्या घरी बसून लिहिले, ते कळले तर बरे होईल.

माझ्या यजमानांचे निदान होऊन चार वर्षे होतील. माणसे ओळखतात, रस्ते ठाऊक आहेत, बातम्या समजतात. शब्द तेवढा सापडत नाही, आणि जरा लांब वाक्य ऐकून पुन्हा म्हणायला सांगितले की ते मधेच निसटते. हा लोगोपेनिक प्रकार. दुसऱ्या एका प्रकारात व्याकरण आणि उच्चार अडखळतात, तिसऱ्यात बोलणे सफाईदार राहते पण शब्दाचा अर्थच पुसला जातो. लेखात तिन्हींची सरमिसळ झाली आहे, पण तो विषय सोडते.

आम्ही ज्या केंद्रात जात होतो तिथे सहा महिन्यांनी फेरचाचणी झाली. चित्र बघून नाव सांगायचे. पहिल्या वेळी पंधरापैकी आठ आली होती, या वेळीही आठच. अहवालात शेवटी शेरा: 'प्रगती नाही. थेरपी थांबवावी.' मी म्हटले, अहो, या आजारात सहा महिन्यांत आठाची पाच झाली असती की! त्यावर उत्तर मिळाले, 'आमच्या फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.' बाई तरुण होत्या, वागायला वाईट नव्हत्या. पण पक्षाघातानंतर गेलेली वाचा परत मिळवायची असते, ती मोजायची पट्टी त्यांनी इथे लावली. इथे आहे ते धरून ठेवायचे असते. यजमानांची सगळी नोकरी हिशेबतपासनीस म्हणून झाली. मुद्दल शाबूत राहिले तर त्याला तोटा म्हणणारा फॉर्म त्यांनी लाल शाईने परत पाठवला असता.

आणि चित्रे तरी कोणती? शहामृग. होकायंत्र. बत्तीस वर्षांच्या संसारात यांनी शहामृगाचा विषय एकदाही काढलेला मला आठवत नाही. ज्या शब्दांचा सराव होतो ते बऱ्याच जणांत काही काळ टिकतात, बाकीच्यांपर्यंत तो फायदा सहसा पोचत नाही. मग सरावाचे शब्द कोण निवडणार, यावरच सगळे अवलंबून नाही का?

पुढे व्हिडिओ कॉलवर शिकवणाऱ्या एक थेरपिस्ट मिळाल्या. त्यांनी शब्द यांनाच निवडायला सांगितले. पहिला नातीचे नाव, दुसरा 'चष्मा'. तिसऱ्याला यांनी माझ्याकडे बोट दाखवले. मला वाटले, माझे नाव हवे असेल. पाच मिनिटे खटपट करून शब्द निघाला: 'थांब'. मी त्यांचे प्रत्येक वाक्य पुरे करत होते, हे मला त्या दिवशी कळले. तेव्हापासून निम्मा गृहपाठ माझा. टीव्ही बंद करायचा, एका वेळी एकच प्रश्न, तोही हो-नाहीत उत्तर देता येईल असा, आणि मनात दहा मोजायचे. (दहा मोजणे हे वाटते त्यापेक्षा फार अवघड आहे. करून बघा.)

फोनवर आणि दुकानात म्हणायला चार वाक्ये बसवून घेतली. 'मला सगळे समजते. शब्द सापडायला वेळ लागतो. घाई करू नका. मी सांगतो.' दीड वर्ष ती यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटली. आता दुसऱ्या वाक्यावर अडकतात, मग खिशातले कार्ड पुढे करतात. ते कार्डही थेरपीतच तयार झाले. आवाज स्पष्ट होता तेव्हा नातीसाठी केलेली रेकॉर्डिंगसुद्धा. आजार थांबला असे मी म्हणत नाही, कुणीच म्हणत नाही. पण 'फारसा उपयोग नाही' हे वाचून उद्या एखादे घर पहिल्याच महिन्यात थेरपिस्टकडे जायचे थांबवेल, त्याला उत्तर तुम्ही देणार का?

मथळ्याबद्दलही बोलायलाच हवे. 'विस्मरणाचा नवा चेहरा'! मेंदूविकारतज्ज्ञ मेसुलाम यांनी १९८२ मध्ये या आजाराच्या सहा रुग्णांवर लिहिले तेव्हा 'सर्वसाधारण डिमेन्शिया नसताना' हे शब्द शीर्षकातच घातले होते. म्हणजे आजार नवा नाही, आणि सुरुवात विस्मरणाने होत नाही. पुढे इतर गोष्टीही बिघडत जातात हे खरे, पण यांना काल लेखातले सगळे आठवत होते. मथळ्यावर बोट ठेवून त्यांनी एक शब्द उच्चारला, तो छापण्याजोगा नाही. तो मात्र अगदी झटकन सापडला.

जाता जाता आणखी एक. शब्दकोड्याची उत्तरे गेल्या महिन्यापासून तुम्ही उलटी आणि मुंगीएवढ्या अक्षरांत छापता. आम्ही ते रोज सोडवतो. सूचक शब्द मी वाचते, पहिले अक्षर ते लिहितात, पुढचे दोघे मिळून. पडताळायला भिंग लागते. ती तरी सुलटी छापा.

आपली,
एक जुनी वाचक
(कृपया नाव छापू नये)