आधी काठिण्य सांगा, मग यंत्र विका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने कोल्हापूर शहरात आले, तेव्हा आम्हा उपनगरातल्या लोकांनाही आनंद झाला. पण पाचगाव, मोरेवाडीच्या बाजूला आजही कितीतरी अपार्टमेंट पिण्यापुरते नळाचे पाणी आणि बाकी सगळे बोअरवर, अशीच चालतात. आमची आठ फ्लॅटची इमारत त्यातलीच. नळाला पाणी आले नाही की स्वयंपाकही बोअरच्याच पाण्यावर. त्या दिवशी तूरडाळीला दोन शिट्ट्या जास्त द्याव्या लागतात, आणि चहा कपात जरा थांबला की वर तपकिरी तवंग धरतो.

गेल्या हिवाळ्यात आमचा गिझर तापेना. प्लंबरने कॉइल बाहेर काढून माझ्या हातात दिली. बोटाएवढी कॉइल अंगठ्याहून जाड झाली होती. वर पांढरी, खडबडीत खापरी. नखाने टोकरली तरी निघेना. तो म्हणाला, "वहिनी, गिझरला काय झालं नाही, पाणीच जड हाय." त्याने ती लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवली, तेव्हा बुडबुडे येऊन थर सुटू लागला.

शाळेत आपण सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलो ते हेच. जमिनीतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळते. त्यांचे प्रमाण म्हणजेच पाण्याचे काठिण्य. साबण त्यांच्याशी जुळतो आणि फेसाऐवजी चिकट साका होतो. तोच बादलीच्या कडेला बसतो आणि केस धुतल्यावर केसातही राहतो. तापवले की थर गिझरमध्ये आणि सोलरच्या नळ्यांत.

माझी तक्रार पाण्याबद्दल नाही, खडकातून येणारे पाणी जसे असायचे तसेच असणार. तक्रार आहे ती त्यावर दारोदार चाललेल्या विक्रीबद्दल. आमच्या गल्लीत दर महिन्या-दोन महिन्याला कोणीतरी येतो. एक जण दोन कांड्यांचे उपकरण ग्लासात बुडवून वीज सोडतो, पाणी काळेनिळे होते आणि तो म्हणतो, "काकू, बघा तुम्ही काय पिताय." ती घाण पाण्यातली नसते, कांडीचे लोखंड झिजून उतरलेले असते. पाण्यात साध्या क्षारांमुळे वीज वाहते, एवढेच त्यातून कळते. दुसरा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा मीटर बुडवतो आणि आकडा दाखवून घाबरवतो. तिसऱ्याकडून आम्हीच पाइपला बाहेरून बांधायचे चुंबक साडेसहा हजारांना घेतले. चार महिन्यांनी पाण्याच्या दोन बाटल्या तपासायला दिल्या, एक थेट बोअरची, एक चुंबकानंतरच्या नळाची. दोन्हींचे काठिण्य लिटरला 540 मिलिग्रॅम आले. साडेसहा हजार कोणत्याही घराला लहान नाहीत.

हा 540 चा आकडा हाती आला तेव्हाच कुठे आम्हाला नीट विचार करता आला. भारतीय मानक आयएस 10500 (2012) प्रमाणे पिण्याच्या पाण्याचे काठिण्य 200 पर्यंत असावे, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालते. म्हणजे पाणी विषारी नव्हते, पण वापरायला जड होते, आणि उपाय सॉफ्टनर हाच होता. त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजे करायचे.

यातच दोन गैरसमज आहेत. सॉफ्टनरनंतर टीडीएस कमी होत नाही, कारण एक क्षार जाऊन दुसरा येतो. आमच्या शेजाऱ्यांनी मीटरचा आकडा तोच पाहून यंत्र बंद आहे म्हणून भांडण काढले. पण काठिण्य मोजायच्या किटचे थेंब टाकले तर पहिल्या थेंबालाच सॉफ्टनरचे पाणी निळे झाले, म्हणजे काठिण्य गेले होते. बोअरच्या पाण्याचा जांभळट लाल रंग कितीतरी थेंब टाकेपर्यंत हटत नव्हता. दुसरे, सॉफ्टनरचे पाणी पिण्यासाठी नाही. 540 चे काठिण्य पूर्ण काढले तर लिटरमागे सुमारे 250 मिलिग्रॅम सोडियम वाढते. घरात रक्तदाबाचा पेशंट असेल तर ही गोष्ट विक्रेत्याने स्वतः सांगायला हवी. आम्हाला एकानेही सांगितली नाही.

मापाचेही तसेच. आम्हाला आधी 25 लिटर रेझिनचे यंत्र सुचवले होते. लिटरभर रेझिन साधारण 50 ग्रॅम काठिण्य धरते, म्हणजे 25 लिटरचे झाले 1250 ग्रॅम. आमचा बोअरचा वापर रोज 4000 लिटर, त्यात काठिण्य 2160 ग्रॅम. ते यंत्र दुपारी दोन-तीनलाच थकले असते. शेवटी फ्लश, फरशी आणि गाड्या धुण्याची लाइन वेगळी ठेवली, आंघोळ आणि कपड्यांचे 2000 लिटरच मऊ करायचे ठरवले आणि 50 लिटर रेझिन घेतले. दर दोन दिवसांनी ते धुवायला पाच ते सात किलो मीठ लागते. हा मिठाचा खर्च कोणत्याही माहितीपत्रकावर छापलेला मी पाहिला नाही.

धुतलेले खारट पाणी बागेत किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडू नये, ही विनंती सर्व सोसायट्यांना. क्षार साचून नापीक झालेली, क्षारपड जमीन म्हणजे काय, हे शिरोळकडच्या शेतकऱ्यांना विचारावे. आणि यंत्र घेण्याआधी गच्चीकडे बघावे. एक मिलिमीटर पावसात 200 चौरस मीटर गच्चीवर 200 लिटर पाणी पडते, तेही मऊ. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते नुसते गटारात जाते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा पाणी तपासतात. महापालिकेने आणि उपनगरातल्या ग्रामपंचायतींनी आपापल्या सार्वजनिक बोअरचे काठिण्य उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासून घ्यावे आणि तो आकडा बोअरच्या कठड्यावर रंगवावा. टँकरवाल्यानेही तो पावतीवर लिहावा. आमच्या इमारतीचा आकडा आम्ही जिन्याखाली मीटरच्या पेटीवर खडूने लिहून ठेवला आहे. मागच्या आठवड्यात आलेल्या विक्रेत्याला मी तिथेच नेऊन उभे केले आणि विचारले, तुमच्या यंत्रातून हा आकडा किती होऊन बाहेर येईल, ते कागदावर लिहून द्या. तो नंतर येतो म्हणून गेला, अजून आलेला नाही.

आपली,
एक वाचक गृहिणी, पाचगाव, कोल्हापूर