वजनकाट्याला किती पॉइंट?

संपादक महोदय,

कालच्या अंकातला डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणावरचा लेख वाचला. लेखक स्वतः बालरोगतज्ज्ञ, तेव्हा सूर समाधानाचा असणारच. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नियमाने 5 वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट मिळवल्याशिवाय नोंदणीचं नूतनीकरण होत नाही, म्हणजे पालकांनी निर्धास्त राहावं, असं एकूण म्हणणं. हे पॉइंट बहुतेक चर्चासत्रांना हजेरी लावून मिळतात, हेही एका ओळीत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरसाहेब व्याख्यानाला होते की जेवणाच्या रांगेत, हे कोण बघतं?

मागच्या पावसाळ्यात नातवाला ताप आला म्हणून नेहमीच्या दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही, माणूस चांगला आहे. भिंतीवर प्रमाणपत्रं इतकी, की कॅलेंडर दाराला अडकवलेलं. बाळांचा वजनकाटाही होता, पण त्यावर औषध कंपन्यांची सॅम्पलची खोकी. डॉक्टरांनी वजन सुनेलाच विचारलं. ती म्हणाली, ‘‘दहा असेल.’’ झालं, त्यावर पॅरासिटामॉल लिहिलं, 150 मिलिग्रॅम. ती खोकी जरा उचला म्हटलं, तर कंपाउंडरने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी डॉक्टरांची पदवीच तपासायला मागितली! येताना अंगणवाडीत वजन केलं. साडेआठ किलो भरलं. हे औषध किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम देतात, म्हणजे लिहिलेला डोस जास्तच होता. अंगणवाडीच्या ताई दर महिन्याला पोरांची वजनं घेतात, रजिस्टरला लिहितात. त्यांना कुठले पॉइंट?

अमेरिकेत 1988 पासून बालरोगतज्ज्ञांना मिळणारं प्रमाणपत्र जन्मभर आपोआप टिकत नाही. ते टिकवायला ज्ञानाची परीक्षा आहेच, शिवाय आपल्याच कामातली एखादी उणीव हेरायची, मोजायची, सुधारायची आणि पुन्हा मोजून दाखवायची, असाही एक भाग आहे. फी आणि कागदपत्रांवरून तिथले डॉक्टरही कुरकुरतात, ते त्यांचं ते बघतील. आपण निदान मोजणी तरी घ्यावी. महिन्यात किती मुलांना काट्यावर ठेवलं, जुलाबाच्या किती पोरांना ओआरएस आणि झिंक लिहिलं, किती जणांना उगाच अँटिबायोटिक. याला पॉइंट द्या की. हॉलचं भाडंसुद्धा वाचेल.

जुलाबांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आमच्या भागात पाणी कधी येणार, हे आपल्या अंकात बऱ्याचदा पाणी येऊन गेल्यावर छापून येतं. चर्चासत्रात शाल-श्रीफळ घेणाऱ्या डॉक्टरांचा चार कॉलमी फोटो मात्र दुसऱ्याच दिवशी हजर! तो दोन दिवस उशिरा आला तरी कुणाचं अडत नाही. पाण्याची वेळ तेवढी आदल्या दिवशी छापा.

– एक आजी, जुळे सोलापूर