चिनूला, स्क्रिप्टबद्दल

प्रिय चिनू,

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि मग झोपच लागली नाही. सहा महिने रात्री जागून लिहिलेला एपिसोड, आणि तुझं नाव कुठे तर पार शेवटी, बारीक अक्षरात, वाचेपर्यंत गेलंसुद्धा. मला रागच आला, खोटं कशाला सांगू.

पहाटे मला ज्याँ-क्लोद कारियेर आठवला, फ्रेंच पटकथालेखक, पीटर ब्रुक या इंग्रज दिग्दर्शकासाठी महाभारताचं नाटक लिहिलं ना, तो. दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यात १९३१ साली जन्मला, घरी द्राक्षाची शेती, म्हणजे आपल्या तासगावकडच्या बागवाल्याचा पोरगाच समज. तरुणपणी त्याला जॅक ताती या दिग्दर्शकाच्या पिक्चरवरून पुस्तक लिहायचं काम मिळालं, तेव्हा पिक्चर कसा बनतो हे त्याला काही म्हणता काही माहीत नव्हतं. तातीने त्याला एडिटर बाईंकडे पाठवलं. त्यांनी टेबलावर स्क्रिप्ट ठेवलं, शेजारी मशीनवर फिल्मचं रीळ, आणि म्हणाल्या की सगळा प्रश्न यातून त्यात कसं जायचं एवढाच आहे. मग कागदावरची एकेक ओळ वाचायची आणि रीळ पुढेमागे फिरवून ती कुठे गेली ते शोधायचं. हे मला फार आवडतं बघ, शिकवणं असं असावं.

पुढे बुन्युएल या स्पॅनिश दिग्दर्शकाबरोबर त्याने १९६४ ते १९७७ मध्ये सहा पिक्चर केले. दोघं घरापासून लांब हॉटेलात राहायचे, दिवसभर लिहायचे, आणि संध्याकाळी अर्धा तास वेगवेगळं बसून प्रत्येकाने एक नवी गोष्ट रचायची, कामाची असो नसो, रोज, व्यायामासारखी. तू हे करून बघ ना रे.

आणि महाभारत! पॅरिसमध्ये एका संस्कृत जाणणाऱ्या माणसाकडून तो आणि ब्रुक रात्र रात्र कथा ऐकत बसायचे, अगदी तू लहानपणी आजोबांच्या अंथरुणात शिरून ऐकायचास तसं. तिथून नाटक उभं राहायला दहाएक वर्षं गेली. १९८५ ला फ्रान्समधल्या आविन्यों शहराजवळच्या दगडाच्या खाणीत ते झालं, नऊ तासांचं. धर्म आणि क्षत्रिय हे शब्द त्याने फ्रेंचमध्येही तसेच ठेवले, याचं मला फार कौतुक वाटतं. नाटकात व्यास सांगतोय आणि गणपती लिहून घेतोय. लेखकाला असं डोळ्यांसमोर आणून बसवलं त्याने.

त्याला मानद ऑस्कर मिळालं २०१४ ला, त्र्याऐंशीव्या वर्षी, आणि पुढच्याच वर्षी आपली पद्मश्री. पण तो स्वतः सांगायचा की शूटिंग संपलं की स्क्रिप्ट कचऱ्यात जातं, सुरवंटाचं फुलपाखरू झालं की कोष उरतो तसं. आणि हे माहीत असून तो २०२१ ला जाईपर्यंत लिहीत राहिला.

तुझ्या नावाचं त्या लोकांना लेखी विचार, गप्प बसू नकोस. आणि पुढच्या महिन्यात येशील तेव्हा त्या एपिसोडचं स्क्रिप्ट घेऊन ये, कागदावरचं, खाडाखोडीसकट. मला वाचायचंय.

तुझी,
आई